फाटकावरचे भाऊजी

चांगला डांबरी रस्ता खालून जात असताना जो माणूस जाड टायरची सायकल घेऊन मुद्दाम डोंगरातल्या खडीवर चढतो, धापा टाकतो, घसरतो, कोपर सोलून घेतो आणि घरी येऊन मजा आली म्हणतो, त्याच्याकडून घरच्यांनी फारशा अपेक्षा ठेवू नयेत. आमच्या घरच्यांनी ठेवल्या नव्हत्या. त्यामुळे दर रविवारी आम्हाला मोकळं सोडलं जाई.

आम्ही चौघं होतो. सर्वांत पुढे कप्तान. हा पाणीपुरवठ्यातून निवृत्त झालेला. पाणी कुठून कसं जावं हे त्याने नोकरीभर ठरवलं, पाण्याने ते क्वचितच ऐकलं, म्हणून आता तो आमच्या वाटा ठरवायचा. संगणकावर नकाशा उघडून डोंगरांवर रेघा ओढायचा, आणि त्या रेघेबाहेर कोणी हातभर जरी गेलं तरी ते त्याला स्वतःच्या घराण्यावरचं लांछन वाटे. त्याच्या मागे दातांच्या डॉक्टरीणबाई. आठवडाभर लोकांच्या जबड्यांत वाकून पाहिल्यावर रविवारी त्यांना काहीतरी मोठं, मोकळं आणि न कण्हणारं बघायचं असे. त्या दृष्टीने दऱ्या त्यांना सोयीच्या वाटत. मग मी. माझं चष्म्याचं दुकान आहे, आणि चढावर माझा वेग इतका असतो की आजूबाजूची झाडं मला नीट ओळखतात.

चौथे भाऊजी, माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. ते लिफ्ट दुरुस्त करत. इमारती पाहून लोक उंची बघतात, भाऊजी दारं बघत. दार पुरतं मिटल्याशिवाय जगातली कुठलीही वस्तू हलू नये, असं त्यांचं ठाम मत होतं आणि ते त्यांनी घरातल्या कपाटांपासून सगळ्यांना लागू केलं होतं. बोलणं कमी. चढावर मात्र कप्तानालाही मागे टाकतील असे पाय. पण कप्तानाच्या पुढे गेलं की कप्तान दुपारपर्यंत बोलत नाही, म्हणून ते बिचारे त्याच्या चाकाला चाक लावून, दम लागल्याचं थोडं नाटक करत जात.

आमची आवडती वाट गावामागच्या खिंडीतून वर चढायची आणि पलीकडच्या दऱ्यांमधून वळसे घेत परत यायची. खिंडीच्या माथ्यावर एक लाकडी फाटक होतं. अलीकडचा-पलीकडचा सगळा डोंगर एका बाईंचा, आणि डोंगरावर त्यांची मेंढरं. मेंढीवाल्या बाईंनी सायकलवाल्यांना वाट दिली ती एकाच अटीवर: फाटक बंद राहिलं पाहिजे. एकदा जरी ते उघडं सापडलं आणि मेंढरं खाली लोकांच्या कोबीत शिरली, तर वाट बंद, सगळ्यांना, कायमची. फाटक जुनं आणि जड. एकदा ढकललं की कुरकुरत उघडत जाई आणि दगडाला टेकून पडून राही. आपलं आपण मिटणं त्याच्या स्वभावातच नव्हतं.

म्हणून आमची रीत पडली होती. भाऊजी वर पोहोचले की उतरून, मेंढरं निसटू नयेत म्हणून फाटक अर्धंच उघडून धरून उभे राहत. आम्ही मागून जसजसे येऊ तसतसे सायकलवरून न उतरता आत जात असू. खालचं वळण फाटकावरून दिसत नाही, आणि कधीकधी अनोळखी सायकलवालेही मागून येत. म्हणून जो शेवटी येईल त्याने भाऊजींच्या शेजारून जाताना सांगायचं, "मागे कोणी नाही." हे ऐकल्याशिवाय भाऊजी फाटक लावत नसत. ऐकलं की साखळीचे दोन वेढे घालायचे, टोकाचा आकडा आतल्या बाजूला वळवायचा, म्हणजे कोणाची बाही अडकणार नाही, आणि मग सायकलवर बसून आमच्या मागून उतरायचं. उताराला ते कायम शेवटी. खडीवर मागच्या चाकाचा आवाज बरोबर कळतो. तो चर्र आवाज मागे असला की कसं, घराचं दार लावून कोणीतरी मागून येतंय असं वाटायचं.

भाऊजी गेले ते डोंगरात नाही. डोंगराने त्यांना कधी ओरखडाही काढला नव्हता. गेले ते जेवणानंतर, आरामखुर्चीत, तोंडावर वर्तमानपत्र घेऊन. ताईने त्यांना दुपारभर उठवलं नाही. उठवण्यासारखं काही दिसतच नव्हतं. नंतर ती एवढंच म्हणाली की गेले इतक्या मुकाट्याने, की मीच तेवढा वेळ शिलाई मशीन धडधडवत बसले होते, याची लाज वाटते.

थोड्या आठवड्यांनी आम्ही तिघं पुन्हा खडीवर जायला लागलो. त्यांना आवडलं असतं, असं आम्ही म्हणालो. मेलेल्या माणसाला काय आवडलं असतं हे जिवंतांना फार लवकर कळतं, आणि ते नेमकं जिवंतांच्या सोयीचं निघतं.

वाट पूर्वीसारखीच होती. कप्तान पुढे जाई, फाटक ढकलून आत शिरे, मागून आम्ही. खाली पहिल्या दरीच्या तोंडाशी चहाची टपरी आहे. तिथे एका रविवारी मेंढीवाल्या बाई भेटल्या. बाकीच्या सायकलवाल्यांना त्यांनी आधी भरपूर शिव्या दिल्या, मग आमच्याकडे वळून म्हणाल्या की तुमचं तेवढं बरं आहे, तुम्ही गेल्यावर फाटक कायम बंद असतं, साखळीचे अगदी दोन वेढे. आम्ही तिघांनी नम्रपणे माना हलवल्या. बाई गेल्यावर कप्तानाने डॉक्टरीणबाईंचे आभार मानले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की त्या तर फाटकावर कधी उतरल्याच नाहीत, शेवटी येणारा माणूस कोण आहे ते सगळ्यांना माहीत आहे. दोघांनी माझ्याकडे पाहिलं.

मी चहा खाली ठेवला. मीही कधी उतरलो नव्हतो. मला वाटत होतं की... काय वाटत होतं, ते आठवायला मला वेळ लागला. इतक्या वर्षांच्या सवयीने मी फाटकाशी यायचो, फाटक कोणीतरी धरलेलं असायचं, आणि मी आत जायचो. कोणी धरलंय हे बघायला मान वर करावी लागते, आणि त्या चढाच्या शेवटी माझी मान कधीच वर नसते.

"तुम्ही धरलंय असं वाटलं," मी कप्तानाला म्हणालो.

"मी पुढे असतो," कप्तान म्हणाला. "पुढे असणारा माणूस फाटक धरत नाही."

हे तो आयुष्याबद्दलही म्हणाला असता. पण त्याचा चेहरा उतरला होता.

पुढच्या रविवारी कप्तानाने रीतसर तपासणी घेतली. तिघांनी एकदमच फाटक ओलांडायचं, फाटक सताड उघडं ठेवायचं, त्याला एक मोठा धोंडा लावायचा आणि पलीकडच्या वळणापाशी, जिथून फाटक दिसतं, तिथे थांबून बघत राहायचं. आम्ही थांबलो. ऊन स्वच्छ होतं. मेंढरं चरत होती. फाटक उघडं होतं आणि उघडंच राहिलं. कप्तानाने मोठा श्वास सोडला आणि म्हणाला, की माणसाचं मन म्हणजे गळका पाइप असतो. बाई स्वतःच लावत असतील फाटक आणि विसरत असतील. आम्ही सायकलींवर बसलो. वळण घेतलं, डोंगराची कड मध्ये आली, फाटक दिसेनासं झालं.

तेव्हा साखळी वाजली. एकदा खळखळ, आणि मग आणखी एकदा.

आम्ही परत गेलो. मला जायचं नव्हतं, पण एकट्याने थांबायचं त्याहून नव्हतं. फाटक बंद होतं. दोन वेढे. टोकाचा आकडा आतल्या बाजूला वळवलेला. धोंडा उचलून खांबाच्या बुडाशी नीट ठेवला होता, कोणाच्या चाकाखाली येणार नाही असा. मेंढरांनी चरणं थांबवून माना वर केल्या होत्या, आणि ती सगळी फाटकाच्या एकाच बाजूकडे बघत होती. तिथे कोणी नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी साखळीला हात लावला नाही. हातमोजे काढून पुन्हा घातले. कप्तान एका दगडावर बसला आणि बाटलीतलं सगळं पाणी प्यायला. मग म्हणाला, "काही म्हणा, सोय आहे."

माणसाला कशाचीही सवय होते. पहिल्या रविवारी आम्ही फाटकाजवळ बोललो नाही. दुसऱ्या रविवारी कप्तानाने फाटकाकडे बघून टोपीला हात लावला. तिसऱ्या रविवारी तोही लावला नाही. आमचा वेग वाढला. उताराला मात्र काही केल्या सवय होईना. आम्ही तिघं उतरायचो आणि खडीवर चार सायकलींचा आवाज यायचा. मी थांबलो की तो थांबे. मी मागे वळून बघत नसे, आणि तरी मागे तो चर्र आवाज असला की पूर्वीसारखंच बरंही वाटायचं. याची लाज वाटावी की भीती, हे मला कधी ठरवता आलं नाही.

डॉक्टरीणबाईंना ते सहन झालं नाही. त्या म्हणाल्या, ते का थांबलेत हे उघड आहे. भाऊजी गेल्यापासून फाटकातून जाताना कोणी ते वाक्यच म्हणालेलं नाही. ते वाट बघतायत. मग एका रविवारी त्या मुद्दाम माझ्याही मागे राहिल्या, फाटकातून जाताना स्वच्छ आवाजात "मागे कोणी नाही" म्हणाल्या, आणि माझ्या शेजारून भर्रकन पुढे निघून गेल्या. त्यांना मी त्या वेगाने जाताना आधी कधी पाहिलं नव्हतं. वळणामागे साखळी वाजली. उताराला मागे आवाज होताच. पुढच्या रविवारी पुन्हा फाटक धरलेलं होतंच. कप्तान म्हणाला, सांगून झालं, ते ऐकत नाहीत, त्यांची हौस आहे. विषय संपला.

तो पुन्हा निघाला तो जाळीमुळे. कप्तानाने फार पूर्वी मेंढीवाल्या बाईंच्या मागे लकडा लावला होता, की फाटक काढा आणि तिथे जमिनीत लोखंडी दांड्यांची जाळी बसवा. खाली खड्डा, वर दांड्या. मेंढीचे पाय फटीत जातात म्हणून मेंढी तिच्यावर येत नाही, आणि सायकल मात्र खडखडत निघून जाते. कोणी उतरायला नको, कोणी उघडायला नको. बाई शेवटी तयार झाल्या. खड्डा खणला गेला, दांड्या येऊन पडल्या. पुढच्या आठवड्यात फाटक निघणार, हे कप्तानाने टपरीवर असं सांगितलं, जसा काही मुलगा पास झाला आहे.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, मग भाऊजींचं काय?

"निवृत्त होतील," कप्तान म्हणाला. "मी झालो की."

पण त्या दिवशी त्याने चहा अर्धाच ठेवला. मला सारखं एकच दिसत होतं: भाऊजी त्या उघड्या माथ्यावर उभे आहेत, हाताशी फाटक नाही, आणि निघा म्हणणारं कोणी नाही.

हे ताईला सांगायचं नाही असं आमचं ठरलं होतं. ते मी मोडलं असं म्हणता येणार नाही. ते माझ्याकडून काढून घेतलं गेलं. ताईचं शिवणाचं दुकान तिच्या घराच्या पुढच्याच खोलीत आहे. तिथे ती लोकांच्या चुका दुरुस्त करते. वाढलेली पोटं, आखूड झालेल्या पँटी, तुटलेल्या झिपा. माझी सायकलची पँट गुडघ्याला फाटली होती, म्हणून तिने मला स्टुलावर उभं केलं होतं आणि खाली बसून ती पायाला टाचण्या लावत होती. तिच्या तोंडात टाचण्या होत्या. तशाच तोंडाने तिने विचारलं, की हल्ली रविवारी संध्याकाळी तू माझ्याकडे का येत नाहीस. ज्याच्या पँटीला चोहोबाजूंनी टाचण्या आहेत त्याने पळून जाऊ नये आणि खोटंही बोलू नये. मी सगळं सांगितलं.

तिने एकेक टाचणी तोंडातून काढली आणि उशीत खुपसली. रडली नाही. तिने पहिला प्रश्न विचारला तो हा, की हे कुठल्या अंगाला उभे असतात. मी म्हणालो, खांबाच्या उजवीकडे, वाऱ्याच्या तोंडाला.

"आणि तुम्ही आत जाता."

"सवयीने गं..."

"जिवंतपणी तुमची दारं लावली, ते ठीक. मेल्यावरही फाटकावर उभं केलंत होय यांना? आणि वर वेग वाढला म्हणून खूश?"

मी स्टुलावरून उतरायला लागलो, तर तिने हाताने मला तिथेच थांबवलं. तिने इस्त्रीचं बटण बंद केलं. मग म्हणाली की फाटक निघायच्या आत मला तिथे न्यायचं. फाटक निघालं तर यांना तिथून निघताच येणार नाही. यांचा स्वभाव मला माहीत आहे. दार नसलं तर हे तिथे बसून दाराची वाट बघतील. त्यांना तिथून काढायचं, बस्स, दुसरं काही नको. भेट नको, बोलणं नको.

शेवटचं वाक्य तिने दोनदा म्हटलं, म्हणून माझा त्यावर विश्वास बसला नाही.

त्या रविवारी ताई भाऊजींच्याच सायकलवर आली. सीट खाली घेतलेली, आणि अंगावर तिने स्वतः शिवलेली पँट, जी आम्हा तिघांच्या पँटींपेक्षा चांगली होती. तरुणपणी ती कामावर सायकलने जायची. डोंगरात कधी आली नव्हती. भाऊजींनी कधी बोलावलं नाही, तिने कधी विचारलं नाही, आणि दोघांनाही वाटे की दुसऱ्याला तसंच हवं आहे. कप्तानाने सायकलीकडे पाहिलं आणि त्याला राहवलं नाही.

"वहिनी, सायकल तर ही इथे आहे. मग ते तिथे कशावर बसतात?"

"त्यांचं ते बघतील. तुम्ही तुमचं हँडल सरळ धरा."

चढ तिला जड गेला. ती उतरून ढकलत चालली. मी तिच्यासोबत थांबायला लागलो, तर म्हणाली तू पुढे हो, मला शेवटी यायचं आहे. वर ढग उतरले होते आणि खिंड दिसत नव्हती. पलीकडच्या दरीतून वारा वर येत होता आणि मध्येच थांबत होता, जसं बोलता बोलता कोणी आपल्याकडे बघावं. मी फाटकाशी आलो. पहिल्यांदाच मान वर करून बघितलं. फाटक उघडं होतं आणि त्याच्यामागे काही नव्हतं. फक्त ते मागच्या दगडाला टेकलेलं नव्हतं. अर्ध्यातच, हवेत, स्थिर होतं.

मी आत गेलो. कप्तान आणि डॉक्टरीणबाई वाटेच्या कडेला उभे होते, बाजूला दांड्यांचा ढीग आणि नवा खड्डा. मेंढरं भिंतीशी गोळा झाली होती. खालून ताईच्या बुटांचा आवाज आला, मग ढगातून ती आली, सायकल ढकलत, केस कपाळाला चिकटलेले. फाटकाशी आली आणि थांबली.

आता तिने ते वाक्य म्हणायचं होतं. डॉक्टरीणबाईंनी तिला मान हलवून खूण केली. ताई म्हणाली नाही. ती फाटकाच्या उजव्या खांबाकडे बघत होती. घरी दार उघडल्यावर उशिरा आलेल्या माणसाकडे बायका बघतात, तशी. मी तिचं तोंड पाहिलं आणि दुसरीकडे बघायला लागलो.

"वहिनी," कप्तान हळूच म्हणाला, "म्हणा ना. मागे कोणी नाही."

"खोटं कसं म्हणू?" ताई म्हणाली. "हे आहेत की मागे. तुम्ही आत जाता, हे बाहेर राहतात, आणि तुम्ही म्हणता मागे कोणी नाही. दार अर्धं उघडं असताना लिफ्ट सुरू करणारा माणूस आहे का हा?"

डॉक्टरीणबाईंनी तोंडावर हात ठेवला.

ताईने सायकल आत आणली आणि भिंतीला लावली. मग परत गेली, आणि फाटकाच्या वरच्या फळीवर, टोकाजवळ, दोन्ही हात ठेवले. तिने ते धरलं त्या क्षणी फाटक जरासं खाली बसलं, जड झालं. कोणीतरी सोडल्यासारखं. ती लडखडली, पाय रोवले, आणि धरून राहिली.

"मागे एक आहे," ती आम्हाला म्हणाली. आणि मग खांबाकडे बघून, अगदी साध्या, रोजच्या आवाजात, "चला. तुम्ही व्हा पुढे. मी लावते."

काही झालं नाही. वाराही नाही. मला वाटलं, आता काही होणार नाही, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा असं वाटल्यावर घाबरलो, कारण मग ताईला घरी कसं न्यायचं? ती तशीच धरून उभी होती. तिच्या हातांना कंप सुटला होता, फाटकाच्या वजनाने, आणि ते खाली करायला ती तयार नव्हती. "अहो, हात दुखतात," ती म्हणाली.

खडी वाजली. फाटकाच्या बाहेर, मग बरोबर फाटकात, मग आत. सायकलचा आवाज, सावकाश, ओळखीचा. माझ्या आणि डॉक्टरीणबाईंच्या मधून तो आला. डॉक्टरीणबाईंनी सायकल मागे घेऊन वाट करून दिली, आणि कोणासाठी, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. मेंढरांची डोकी आवाजाबरोबर एका रेषेत वळत गेली. कप्तान, जो आयुष्यात कोणाला पुढे जाऊ देत नाही, मान खाली घालून बाजूला उभा होता. आवाज त्याच्याही पुढे गेला.

ताईने फाटक ढकलून मिटवलं. साखळीचा एकच वेढा घातला आणि आकडा कसाही अडकवला. तिला ती रीत कुठे माहीत होती? मग पाठ फाटकाला टेकवून उभी राहिली आणि ते वाक्य म्हणाली. मोठ्याने नाही, ऐकू जाईल इतकंच. म्हणताना तिने मागे वळून खिंडीकडे बघून घेतलं, खरंच कोणी नाही ना याची खात्री करायला. भाऊजींसारखंच.

मग आम्ही उतरायला लागलो. ढगातून बाहेर आलो तर दऱ्या खाली पसरल्या होत्या आणि मागून येणारा आवाज नव्हता. माझ्या मागे कोणीच नव्हतं. मानेला इतकं उघडं वाटत होतं की मी दोनदा कॉलर वर केली. आवाज आता पुढे होता. आमच्या पुढे, वळणाच्या पलीकडे, दिसत नसलेल्या चाकांचा, आणि तो वाढत नव्हता, कमी होत होता. सायकल चालवणाऱ्याला कळतं, हा दम राखून जाणारा नव्हता. ज्या पायांना आयुष्यभर कप्तानाच्या मागे राहावं लागलं, ते आता मोकळे सुटले होते.

खाली वाट फुटते. उजवीकडची आपली, टपरीकडे जाणारी. डावीकडची पुढच्या दरीत उतरते, झाडीत शिरते, आणि कप्तानाच्या नकाशावर तिला रेघ नाही. आम्ही फाट्याशी थांबलो. आवाज डावीकडे गेला. ऐकू येत राहिला, मग झाडीतला वाटायला लागला, मग पाण्यासारखा, मग तो आहे की आपण तसं समजतोय हे कळेना.

ताई एक पाय जमिनीला टेकून, सायकलवर तशीच बसून ऐकत होती. कप्तान तोंड उघडून काही सांगणार होता, बहुधा की ती वाट कुठे जाते ते कोणाला माहीत नाही. डॉक्टरीणबाईंनी त्याचं कोपर धरलं.

"विचारलंही नाही," ताई म्हणाली. "कोणी येतंय का, काही नाही. सुटले ते सुटलेच." तिचा आवाज दुखावलेला होता, आणि त्यात कुठेतरी कौतुकही होतं, मुलगा पहिल्यांदा एकटा रस्ता ओलांडून गेल्यावर असतं तसं. तिने बाहीने तोंड पुसलं. घाम होता म्हणा. "इतक्या जोरात चालवत होते हे?"

"नाही," मी म्हणालो. "आमच्याबरोबर नाही."

तिने मान हलवली. मग ती म्हणाली की एकीला आज झिप बदलून द्यायची कबूल केली आहे, ती बाई दारात येऊन उभी राहील. आणि कोणाला काही न विचारता पुढे निघाली. वाट तिला ठाऊक नव्हती. आम्ही तिच्या मागून निघालो. टपरीच्या अलीकडे खडीचा एक रस्ता वर चढतो, तिथे तिने सरळ तो धरला. तो चुकीचा होता. त्याने गेलं की दोन टेकड्यांचा फेरा पडतो. कप्तानाने श्वास आत ओढला. त्याच्या मानेच्या शिरा दिसायला लागल्या. मग त्याने गिअर बदलला आणि तिच्या मागे चढायला लागला, आणि वर पोहोचेपर्यंत एक शब्द बोलला नाही.